क्रूगरचं रान ओळखायचं कसं? आधी माती, मग झाड, मग प्राणी

प्रश्न थोडक्यात असा आहे: जुलैत आठ दिवस दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात जायचं आहे. भाड्याची गाडी, स्वतः चालवत, दक्षिणेकडून थेट उत्तरेच्या पाफुरीपर्यंत. मुलगी वनस्पतिशास्त्र शिकते. जाऊन आलेले मित्र म्हणतात की सगळीकडे सारखंच काटेरी रान आहे, झाडांत बघण्यासारखं काही नाही. तर तिथे वनस्पतींचे वेगवेगळे पट्टे खरोखर ओळखता येतात का, आणि झाडं कळली तर प्राणी दिसायला मदत होते का?

दोन्हींचं उत्तर हो. माझं काम गवताळ रानांवरचं आहे; आपल्याकडची माळरानं आणि क्रूगर, दोन्हीकडे बरीच वर्षं गेली आहेत. क्रूगरला जाणारी मंडळी झाडांच्या आरपार प्राणी शोधत असतात, म्हणून झाडं एकसारखी वाटतात. नजर जरा अलीकडे थांबवली तर एका सकाळच्या फेरीत रान दोन-तीनदा पालटलेलं दिसतं. आणि ते पालटतं ते मुख्यतः खालची जमीन पालटते म्हणून.

उद्यान उत्तर-दक्षिण साधारण ३५० किलोमीटर लांब, सरासरी ६५ किलोमीटर रुंद, क्षेत्रफळ सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर. पाऊस नैर्ऋत्येला प्रेटोरियसकॉपकडे वर्षाला ७०० मिलिमीटरच्या वर, तर उत्तर टोकाला ४५० मिलिमीटरच्या आसपास. पावसाचाच प्रश्न असता तर रान दक्षिणेकडून उत्तरेकडे हळूहळू विरळ होत गेलं असतं. पण खालचा खडक उभा दुभागलेला आहे. पश्चिमेकडचा अर्धा भाग तीनेक अब्ज वर्षं जुन्या ग्रॅनाइट आणि नाइस या कठीण खडकांचा. पूर्वेकडचा अर्धा सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे बेसाल्टचा. दोघांच्या मधे गाळाच्या खडकाची अरुंद पट्टी आणि अगदी पूर्वेला, मोझांबिकच्या सीमेवर, रायोलाइट या ज्वालामुखी खडकाची लेबोम्बो डोंगररांग. नकाशा घ्या, मधोमध एक उभी रेघ मारा आणि ओलिफंट्स नदीवरून एक आडवी. जे चार खण पडतील तोच क्रूगरच्या वनस्पतींचा ढोबळ आराखडा. संशोधक गर्टेनबाख यांनी १९८३ साली उद्यानाचे ३५ भूभाग पाडले. संशोधनाला ते लागतात, पण आठ दिवसांसाठी हे चार खण आणि पाफुरीचा कोपरा एवढं पुरतं.

ग्रॅनाइटपासून सुरुवात करतो, कारण दक्षिणेतल्या स्कुकुझा कँपच्या आसपास तुमचे सुरुवातीचे दोन दिवस जातील आणि मला स्वतःला तिथलं रान सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. हा मुलूख सौम्य चढउतारांचा आहे. रस्ता चढतो, माथ्यावर येतो, ओढ्यात उतरतो, पुन्हा चढतो. माथ्यापासून ओढ्यापर्यंतच्या काहीशे मीटरच्या उतारावर झाडांचे चार वेगळे थर लागतात, आणि पुढच्या टेकाडावर तेच थर त्याच क्रमाने पुन्हा दिसतात. शास्त्रात याला कटेना म्हणतात.

माथ्यावर भरड, वाळूसारखी माती. पावसाचं पाणी तिच्यातून झिरपताना पोषणद्रव्यं आणि चिकणमातीचे बारीक कण धुऊन उताराने खाली नेतं, त्यामुळे माथा कायमचा हलका राहतो. इथे बुशविलोची, म्हणजे कॉम्ब्रेटमची रुंद पानांची झाडं. आपले ऐन, हिरडा, बेहडा, अर्जुन, धावडा याच कुळातले. जुलैत पानं पिवळी-तपकिरी होऊन गळत असतात, पण चार पंखांची वाळकी फळं फांद्यांवर टिकून असतात. कॉम्ब्रेटम झेयहेरीचं फळ इतकं मोठं असतं की ते गाडीतूनही नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतं.

जरा खाली उतरलं की रुपेरी-करड्या पानांच्या झाडांची एक ओळ लागते. हे टर्मिनालिया सेरिसिया, तिथल्या भाषेत सिल्व्हर क्लस्टर-लीफ. माथ्यावरच्या वाळूत मुरलेलं पाणी इथे चिकणमातीच्या थराला अडतं आणि पृष्ठभागाशी येतं. आपण ज्याला पाझर म्हणतो तोच हा प्रकार. पावसाळ्यात या ओळीतली जमीन रबरबीत असते. एका टेकाडावर उभं राहून समोरचा उतार बघा. तिथेही साधारण तेवढ्याच उंचीवरून ती रुपेरी ओळ आडवी गेलेली दिसेल, आणि जमिनीखाली पाणी कुठवर येऊन अडतं ते तुम्हाला गाडीत बसून कळेल. मुलीला हे एवढं एकच दाखवलंत तरी बाकीचं ती स्वतः शोधत बसेल.

पाझराच्या खाली सोडियम साठून जमीन चोपण होते. आपल्याकडे कालव्याच्या भागात जादा पाण्याने जशी चोपण जमीन तयार होते तशी इथे ती निसर्गतःच झालेली आहे. माती घट्ट, पाणी मुरत नाही, गवत आखूड आणि विरळ, मधेमधे उघडे पडलेले टापू. झाडं मोजकीच. मॅजिक ग्वारीची गडद हिरवी झुडपं, जी ऐन कोरड्यातही पानं टाकत नाहीत, आणि टांबोटी, जिची काळपट साल लहान चौकोनी तुकड्यांत तडकलेली असते. नवख्याला हा टापू उजाड वाटतो आणि तो गाडी पुढे काढतो. प्रत्यक्षात इथलं गवत आखूड असलं तरी खनिजांनी समृद्ध असतं, शिवाय चौफेर दूरवर दिसत असल्यामुळे वाघराला, म्हणजे इथे सिंहाला किंवा बिबट्याला, दबा धरणं अवघड जातं. म्हणून इम्पाला हरणं, वाइल्डबीस्ट, झेब्रे इथे येऊन रेंगाळतात. ग्रॅनाइटच्या भागात इंजिन बंद करून कुठे थांबायचं असा प्रश्न पडला तर मी दर वेळी हा टापू निवडतो.

त्याखाली ओढा किंवा नदी, आणि काठाला दाट सावलीचे मोठे वृक्ष. आपल्या उंबराच्या जवळच्या नात्यातला सिकॅमोर फिग, आपल्या टेंभुर्णीच्या जातकुळीतला जॅकलबेरी, शिवाय सॉसेज ट्री, जो पुण्या-मुंबईच्या बागांमधून तुम्ही पाहिलेला असेल. साबी नदीच्या कडेने लोअर साबीला जाणारा रस्ता बहुतेक सगळे बिबट्यासाठी पकडतात; झाडांसाठीही तोच पकडा. फेब्रुवारी २०००च्या महापुराने या नदीकाठची असंख्य मोठी झाडं उन्मळून नेली होती. आज पात्रात जिथे बोरूची बेटं आणि कोवळी झाडं दिसतात, त्यातल्या बऱ्याच जागा त्या पुराने खरवडून काढलेल्या आहेत.

आता एक ठोकताळा सांगतो, तो सगळ्या उद्यानात उपयोगी पडतो. हलक्या, वालुकामय जमिनीवर रुंद पानांची, बिनकाट्यांची झाडं जास्त. सुपीक, चिकण जमिनीवर बारीक पानांची काटेरी झाडं जास्त. हलक्या जमिनीवर नवं पान वाढवणं झाडाला महाग पडतं, म्हणून ते पानात टॅनिनसारखी तुरट द्रव्यं भरून ते खाण्यालायक ठेवत नाही. सुपीक जमिनीवर पान पौष्टिक असतं, त्याला गिऱ्हाईक भरपूर, मग राखण काट्यांनी करावी लागते. अपवाद आहेत, आणि मोठा अपवाद पुढे मोपाने या झाडाचा येईलच. पण चालत्या गाडीतून 'पान रुंद की बारीक?' एवढं विचारलं तरी खालच्या जमिनीचा अंदाज बऱ्यापैकी बरोबर येतो.

जाता जाता नावांबद्दल. जुन्या पुस्तकांत आफ्रिकेतली काटेरी झाडं 'अकेशिया' म्हणून दिलेली असतील. २०११च्या मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेनंतर ते नाव ऑस्ट्रेलियातल्या जातींकडे राहिलं आणि आफ्रिकेतल्या जाती मुख्यतः वॅचेलिया आणि सेनेगालिया या दोन प्रजातींत गेल्या. आपली बाभूळ वॅचेलियात आहे, खैर सेनेगालियात. दोघांचे काटे आठवले तर क्रूगरमधली विभागणीही लक्षात राहते: सरळ लांब काटे वॅचेलियाचे, आखूड आकडेबाज काटे सेनेगालियाचे.

प्रेटोरियसकॉप हा ग्रॅनाइटचाच, पण भरपूर पावसाचा कोपरा. इथे गवत पुरुषभर वाढतं, शाकारणीला वापरतात तसलं. मात्र पाऊस जास्त आणि माती हलकी असल्यामुळे पावसाळा संपला की या गवताचा कस उतरतो, जनावर त्याला तोंड लावत नाही. दक्षिण आफ्रिकेतले शेतकरी अशा रानाला सावरव्हेल्ड म्हणतात. उलट जिथलं गवत वाळल्यावरही जनावर आवडीने खातं ते स्वीटव्हेल्ड. जुलैत प्रेटोरियसकॉपला प्राणी कमी दिसले तर नशिबाला दोष देऊ नका, गवतच तसं आहे. तरी तिथे एक रात्र काढावी असं मला वाटतं. कँपमधले कोरल ट्री, आपल्या पांगाऱ्याचे सख्खे भाऊ, हिवाळ्यात लाल फुलतात. आणि आग या विषयाचा धडा इथे सगळ्यात स्पष्ट मिळतो.

क्रूगरमध्ये १९५४पासून वणव्याचे प्रयोग चालू आहेत. वेगवेगळ्या चार भूभागांत जमिनीचे तुकडे आखून काही दर वर्षी, काही दोन वर्षांनी, काही तीन वर्षांनी, वेगवेगळ्या ऋतूंत जाळले जातात, आणि काही तुकड्यांना आग लागूच दिली जात नाही. प्रेटोरियसकॉपच्या ओल्या भागात आगीपासून राखलेले तुकडे दाट झाडोऱ्याचे झाले. वारंवार जळणाऱ्या तुकड्यांत तीच झाडं मुळापासून फुटवे काढत गुडघा-कंबरभर उंचीवर अडकून राहिली. कोरड्या भागांत हा फरक इतका ठसठशीत पडत नाही, कारण तिथे आग पेटती ठेवायला पुरेसं गवतच दर वर्षी होत नाही. सवानात, म्हणजे झाडं विखुरलेल्या गवताळ रानात, झाड आणि गवत एकत्र कसे नांदतात याचं मोठं उत्तर या प्रयोगातून मिळालेलं आहे: पावसाच्या हिशेबाने जिथे जंगल होऊ शकलं असतं तिथे ते आगीने आणि चरणाऱ्या तोंडांनी होऊ दिलेलं नाही. आपल्या माळरानांना 'पडीक' म्हणून त्यावर सरसकट झाडं लावायला निघतात, तेव्हा मला हे तुकडे आठवतात.

स्कुकुझाहून उत्तरेला त्शोक्वानेच्या दिशेने निघालात की रान मोकळं होत जातं. मधली गाळाच्या खडकाची पट्टी डेलागोआ थॉर्नच्या दाटीवरून ओळखू येते; ती चटकन मागे पडते. पुढे जमीन सपाट होते, माती गडद होते, आणि तुम्ही बेसाल्टवर आलेले असता. मराठी माणसाला ही जमीन शिकवायला नको. दख्खनचा बेसाल्ट वयाने बराच तरुण, साडेसहा कोटी वर्षांचा, पण माती त्याच स्वभावाची: चिकण, कसदार, पावसात फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी. इथला मुख्य कँप सतारा, नाव ऐकून आपल्या साताऱ्याची आठवण होणारच.

सताराच्या मैदानावर दोन झाडं राज्य करतात. एक नॉबथॉर्न, सेनेगालिया नायग्रेसन्स. कोवळ्या खोडावर बोटाच्या पेराएवढे टणक उंचवटे आणि प्रत्येकाच्या टोकाला आकडेबाज काटा. या काट्यांवरून ते लांबूनही चुकत नाही. दुसरं मारुला, आंबा-काजूच्या कुळातलं, नर आणि मादी झाडं वेगळी. जुलैत दोन्ही जवळजवळ निष्पर्ण असतात. गवतांत मात्र ओळखीचे चेहरे खूप: कुसळी, हरळी, आपल्याकडच्या कोरडवाहू भागात चाऱ्यासाठी लावतात ते अंजन गवत, आणि मोठ्या झाडांच्या सावलीत गिनी गवत, जे मूळचं आफ्रिकेचंच. हे स्वीटव्हेल्ड. म्हणून झेब्रे, वाइल्डबीस्ट, आफ्रिकी रेडे इथे, आणि त्यांच्या मागे सिंह इथे. सतारापासून पूर्वेला जाणारा एस १०० हा मातीचा रस्ता सिंहांसाठी गाजलेला आहे, त्यामागचं कारण ही काळी माती.

सताराच्या भागात एक गोष्ट मन लावून बघा. मोठी नॉबथॉर्न आणि मारुला बरीच आहेत, पण मधल्या उंचीची फार कमी. मोठ्या झाडांची साल हत्ती सोंडेने आणि सुळ्याने सोलतात. उघड्या लाकडात पोखरणारे किडे शिरतात, मग आग लागली की झाड तिथूनच पेटतं. दुसऱ्या टोकाला रोपं इम्पाला खातात, बिया उंदीरवर्गीय प्राणी फोडतात. १९६७ ते १९९४ या काळात उद्यानात हत्तींची संख्या साधारण सात-आठ हजारांवर राखण्यासाठी दर वर्षी हत्ती मारले जात. ते थांबल्यावर संख्या वाढत गेली आणि मोठ्या झाडांची काळजी सुरू झाली. सगळा दोष हत्तीवर टाकणं मला पटत नाही. पूर्वी उद्यानात कूपनलिका आणि पवनचक्क्या बसवून शेकडो कृत्रिम पाणवठे केले होते. त्यामुळे कोरड्या दिवसांत जो भाग जनावरांपासून मोकळा राहायचा, जिथे रोपांना वाढायला उसंत मिळायची, तो उरलाच नाही. पुढे यातले निम्म्याहून अधिक पाणवठे बंद केले गेले, आणि तो निर्णय मला योग्य वाटतो.

ओलिफंट्स नदीचा पूल ओलांडला की मोपाने सुरू. सीमा अगदी रेघ मारल्यासारखी नाही, नदीच्या दक्षिणेलाही मोपानेचे टापू आहेत, पण उत्तरेला पूर्व-पश्चिम दोन्हीकडे सत्ता याचीच. पान हातात आलं तर एकदा नीट बघावं: आपट्याचं पान मधोमध देठापर्यंत चिरावं तशी दोन पर्णिकांची जोडी, आणि दोघींच्या बेचक्यात एक इवलंसं टोक, तिसऱ्या पर्णिकेचा अवशेष. चुरगाळलं तर टर्पेंटाइनचा वास येतो. दुपारच्या उन्हात या पर्णिका मिटून कडेवर उभ्या राहतात, म्हणून मोपानेखाली भर दुपारी सावली मिळत नाही. जुलैत पानं तांबूस-तपकिरी झालेली असतात आणि कलत्या उन्हात सगळं रान तांब्याच्या रंगाचं दिसतं.

इथे वरचा ठोकताळा मोडतो: सुपीक बेसाल्ट, तरी झाड बिनकाट्याचं आणि रुंद पानाचं. शिवाय ते झुडूपच राहतं, माणसाच्या उंचीचं, मैलोनमैल. चिकणमाती पाणी घट्ट धरून ठेवते, वर आग आणि हत्ती, त्यामुळे झाडाला उंची गाठता येत नाही. तीच जात नदीकाठच्या खोल गाळात उंच, सरळसोट वृक्ष होते. या झाडावर वाढणारी मोपाने अळी म्हणजे एका मोठ्या पतंगाची सुरवंट अवस्था. आसपासच्या गावांत ती वाळवून खातात आणि बाजारात विकतात. पर्यटक या भागाला कंटाळवाणं म्हणतात, कारण प्राणी पांगलेले असतात. हत्ती मात्र भरपूर, लेताबा कँपच्या परिसरात तर खासच.

रोन नावाच्या दुर्मीळ हरणाची गोष्ट इथलीच. उत्तरेच्या या कोरड्या, उंच गवताच्या रानात ते टिकून होतं. पाणवठे झाले, झेब्रे आणि वाइल्डबीस्ट आले, त्यांच्यामागे सिंह आले, आणि रोनची संख्या कोसळली. झाडं न तोडता, गवत न पेरता, फक्त पाण्याची जागा बदलून रान कसं बदलतं हे मुलीला समजावायला याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

मकरवृत्त ओलांडून शिंगवेड्झीमार्गे पुंडा मारियाला पोचलात की एकदम वेगळी दुनिया. वालुकाश्माच्या टेकड्या, वाळूची जमीन, पाऊस आजूबाजूपेक्षा थोडा जास्त. उद्यानात इतरत्र न दिसणाऱ्या कितीतरी जाती इथे एकवटलेल्या आहेत. कँपभोवतीचा माहोनी लूप हा वळसा रस्ता सावकाश करा. तिथून पाफुरीकडे जाताना गोरखचिंच वरचेवर दिसू लागते. मुंबईत आणि वसईकडे जी जुनी गोरखचिंचेची झाडं आहेत ती याच जातीची, आफ्रिकेतून समुद्रमार्गे आणलेली. जुलैत ती निष्पर्ण असल्याने खोडाचा आकार पूर्ण दिसतो, आणि हत्तींनी साल ओरबाडलेल्या खुणाही. इतर झाडं एवढ्या जखमेने मरतील; ही बहुधा पुन्हा साल धरते.

लुवुव्हू आणि लिम्पोपो नद्यांच्या संगमाजवळच्या पूरमैदानात पिवळ्या-हिरव्या सालीच्या फीव्हर ट्रीचं रान आहे. या सालीत हरितद्रव्य असतं, पानं नसतानाही झाड खोडाने अन्न तयार करतं. ही जमीन माकुलेके लोकांची. १९६९ साली त्यांना इथून जबरदस्तीने हलवून जमीन उद्यानात घेतली गेली. १९९८ साली ती त्यांना परत मिळाली, आणि आज ती उद्यानाचा भाग राहूनही मालकी त्यांची आहे. पाफुरीला 'निर्मनुष्य अरण्य' म्हणणाऱ्या जाहिराती वाचाल, तेव्हा हे मुलीला जरूर सांगा.

आता व्यवहाराचं. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर, मातीच्या रस्त्यावर ४०. झाडं बघायची तर ३०च्या वर जाऊ नका. ठरावीक जागा सोडून गाडीतून उतरायला बंदी आहे, झाडासाठीसुद्धा. म्हणून पान-साल हाताशी बघायचं काम कँपमध्ये आणि पिकनिकच्या जागी करा. तिथे बऱ्याच झाडांवर नाव आणि क्रमांकाच्या पाट्या असतात. रोज संध्याकाळी कँपमधली पाच झाडं पक्की करा, दुसऱ्या दिवशी तीच रस्त्यावर शोधा. लेताबा आणि शिंगवेड्झीला जुलैत इम्पाला लिली फुललेली असेल, पानांविना नुसती गुलाबी-पांढरी फुलं. बिया, पानं, काहीही बरोबर आणू नका. उद्यानाचाही नियम आहे आणि विमानतळावरच्या वनस्पती तपासणीचाही. घाणेरी, गाजरगवत आणि जलपर्णी या तिघी तिथेही उपद्रव करत आहेत आणि त्या काढायला उद्यान सतत खर्च करतं. गाडीतून गाजरगवत ओळखलंत तर जागा नोंदवून पुढच्या कँपच्या कार्यालयात सांगा, ते ही माहिती घेतात. मलेरियाचा धोका जुलैत कमी असला तरी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

आठ दिवसांची वाटणी मी अशी करेन: प्रेटोरियसकॉप एक रात्र, स्कुकुझा किंवा लोअर साबी दोन, सतारा दोन, लेताबा एक, पुंडा मारिया दोन. वेळ कमी पडला तर बहुतेक जण उत्तर कापतात. तुम्ही सताराचा एक दिवस कापा. सिंह दक्षिणेतही दिसतील, पण पाफुरीकडच्या गोरखचिंचा, फीव्हर ट्रीचं रान आणि वालुकाश्मावरची झाडं पुंडा मारियाला गेल्याशिवाय दिसणार नाहीत.